गोपाळबाबा वलंगकर

महाडच्या बाजारास जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस रावढळ गाव ठाऊक असेल. गोपाळबाबा वलंगकर हे तेथील महार घराण्यातले. पलटणीतील चाकरी संपवून १८८६ साली ते पेन्शनीत निघाले व दापोलीस राहिले. पेन्शनर मनुष्याने स्वस्थ बसावे असा रिवाज. परंतु जोतीराव फुल्यांच्या विचारांनी जागृत झालेल्या ह्या शिपायाने लेखणी उचलली. 'दीनबंधु' पत्रात ते लिहीत. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' हे लहानसे पुस्तक छापून, अस्पृश्यतेस आधार कोणता, हे त्यांनी उच्चवर्णीयांस उघडपणे विचारिले. ज्यांच्या वाडवडिलांस अक्षरओळखही दुर्लभ, त्यांच्यापैकी एकाने असे करावे, ही गोष्ट आम्ही सामान्य मानीत नाही.

पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. भाकरीची व मानाची वाट खुंटली. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांनी १८९४ साली अर्ज लिहिला, पण हेतू सफळ झाला नाही. १८९५ साली महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. १९०० साली ते निवर्तले.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांसह हजारो लोकांनी महाडास चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या तळ्याकाठी जाल तेव्हा, वाचकहो, रावढळच्या ह्या वृद्ध शिपायाचेही स्मरण करावे.