साने गुरुजींची विद्यार्थिदशा

स्मरणिकेच्या पानांतून साधुसंतांची चरित्रे वाचण्याची आपणां सर्वांस सवय आहे. यंदा त्यांच्या जोडीस आपल्या महाराष्ट्रातील एका थोर शिक्षकाचे, आणि तेही त्याच्या केवळ विद्यार्थिदशेचे, चरित्र देण्याचे योजिले आहे. पांडुरंग सदाशिव साने हे नाव कदाचित सर्वांच्या ओळखीचे नसेल. पण साने गुरुजी म्हटले, की ज्यास अक्षरओळख झाली आहे असे प्रत्येक मूल मान डोलावील. गुरुजी पुढे देशभक्त झाले, लेखक झाले, तुरुंगात गेले, हे सर्वविश्रुत आहे. परंतु तेरा ते अठरा या वयात, जेव्हा मुलाच्या अंगी उंची येते आणि पोटात भूक मावत नाही, तेव्हा त्यांचे दिवस कसे गेले, हे फारसे कोणी सांगत नाही.

आपल्या पेठ तालुक्यातील मुलामुलींस तर हे वृत्त परके वाटावयाचे नाही. मृगाची सर पडली, की पाड्यापाड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन मुले आश्रमशाळेच्या नाही तर वसतिगृहाच्या वाटेस लागतात. कोणी सावळघाट ओलांडून नाशकास जातात. मग दिवाळीची आणि मे महिन्याची सुटी केव्हा येते, याकडे त्यांचे आणि घरी राहिलेल्या आईचे डोळे लागलेले असतात. गुरुजींची विद्यार्थिदशाही अशीच घराबाहेर गेली.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. वडिलांचे नाव सदाशिवराव व आईचे यशोदाबाई. घराणे खोताचे, म्हणजे एके काळी गावात मान, घरात भात, दारात गुरे. परंतु पांडुरंगास कळू लागले त्या सुमारास हे वैभव ओसरू लागले होते. भाऊबंदकी झाली, कर्ज वाढले, मोठे घर सोडून लहानशा घरात बिऱ्हाड न्यावे लागले. गरिबाच्या घरी दारिद्र्य असते ते जन्मापासूनचे सोबती असते. पण ज्याने बरे दिवस पाहिले त्याच्या घरी ते आले, म्हणजे पोटाबरोबर मानही मोडते. यशोदाबाईंनी हे दुःख भोगले, आणि मुलाने ते पाहिले.

गावची शाळा संपल्यावर पांडुरंगास पुण्यास मामांकडे ठेवण्यात आले. तेथे त्याचे मन रमले नाही आणि तो परत आला. पुढे त्याचे नाव दापोलीच्या मिशन शाळेत घातले गेले. ही शाळा आपल्या रोमन कॅथलिक मिशनची नव्हे, अँग्लिकन मिशनची होती. तथापि कोकणातील किती तरी मुलांस इंग्रजी विद्येचे दार तिनेच उघडून दिले. धर्मशास्त्राचे महापंडित पां. वा. काणे, ज्यांस १९६३ साली भारतरत्न हा किताब मिळाला, तेही दापोलीच्या मिशन शाळेतूनच १८९७ साली मॅट्रिक झाले होते. ज्या गावात पूर्वी गोऱ्या पलटणीची छावणी होती, आणि ज्यास त्यामुळे लोक कॅम्प म्हणत, तेथे हा खेड्यातला मुलगा मराठीत व संस्कृतात पुढे सरकला. कवितेचा नाद त्यास येथेच लागला.

दापोलीहून पालगड कित्येक कोस. गाडीभाड्यास पैसे नसत, म्हणून सुटी लागली की मुलगा पायीच निघे. पुढे गुरुजींनी श्याम या नावाने आपल्या लहानपणाच्या ज्या हकिकती लिहिल्या, त्यांत अशा एका प्रवासाची हकिकत आहे. तीत कल्पनेचा थोडा रंग असेलही, परंतु मूळ वस्तू त्यांच्याच घरातली आहे. धाकट्या भावाचा अंगरखा फाटलेला, नवा घेण्यास घरी पैसा नाही. श्यामने खाऊसाठी म्हणून मिळालेले पैसे महिनोन्महिने साठविले, कापड घेतले, शिंप्याकडून अंगरखा शिवविला आणि गणेशचतुर्थीच्या सुटीस तो घेऊन भर पावसात घराची वाट धरली. भाद्रपदातला कोकणचा पाऊस आपल्याकडच्या पावसासारखाच. वाटेतले पऱ्हे दुथडी भरून वाहत होते. मुलगा भिजून घरी पोहोचला, अंगरखा मात्र कोरडा होता की नव्हता याचा विचार वाचकांनी करीत बसू नये. आईच्या डोळ्यांस पाणी आले ते कशाने, हे आईच जाणो.

उन्हाळ्याच्या सुटीची हकिकत निराळी आहे. आंबे, फणस, करवंदे यांनी मे महिन्यात कोकणचे घर भरलेले असते, आणि बाहेरगावी शिकणारा मुलगा घरी आला म्हणजे त्याने खावे, हुंदडावे, उशिरा उठावे, अशीच सर्वांची समजूत असते. पण त्या सुटीत यशोदाबाई हिवतापाने निजून होत्या. हिवताप म्हणजे काय हे पेठच्या लोकांस सांगावयास नको. तो डासापासून होतो हा शोध डॉ. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेस १८९७ साली लावला होता, म्हणजे गोष्ट फार जुनी झालेली नव्हती. खेड्यापाड्यांत ती अजून पोहोचावयाची होती. कोयनेलीची पुडी मिळाली तर मिळाली, नाही तर अंगावर गोधडी घालून थंडी काढावयाची, आणि ताप उतरला की पुन्हा चुलीपुढे बसावयाचे, असा बायकांचा क्रम असे. ताप दर खेपेस थोडे थोडे बळ घेऊन जाई.

ज्येष्ठातले वटसावित्रीचे व्रत आले. आईस वडाला एकशे आठ प्रदक्षिणा घालावयाच्या होत्या आणि उठून उभे राहवत नव्हते. तिने मुलास सांगितले, की माझ्याऐवजी तू घाल. व्रत हिंदू स्त्रियांचे आहे, त्याच्या विधीशी आपणांस येथे कर्तव्य नाही. पाहावयाचे ते त्या मुलाचे मन. इंग्रजी शाळेत जाणारा मुलगा. वडाभोवती सगळ्या बायका. आपण त्यांच्यात फेऱ्या घालू लागलो तर गाव हसेल, सोबती चिडवतील! त्यास लाज वाटली आणि त्याने कुरकुर केली. त्या वयात लाजेइतके जड ओझे दुसरे नाही, हे ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांस ठाऊकच असेल. आईने त्यास समजाविले, की लाज वाईट कामाची धरावी, देवाच्या आणि आजारी माणसाच्या कामाची धरू नये. मग तो गेला. पहिल्या दिवशी मान खाली घालून गेला असेल, पण गेला; आणि फेऱ्या पुऱ्या करून आला. पुढील आयुष्यात हा मनुष्य विद्यार्थ्यांची भांडी घाशी, त्यांचे कपडे धुई, रस्ते झाडी, आणि त्यास कधी लाज वाटली नाही. त्याचे मूळ आम्हांस त्या वडाखाली दिसते.

असाच दुसरा एक प्रसंग त्या हकिकतींत आहे. एका म्हातारीस लाकडाची मोळी डोक्यावर उचलून घ्यावयाची होती. ती अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीची, म्हणून कोणी हात लावीना. आईने श्यामला पाठविले. घरी येऊन स्नान कर, असेही सांगितले. कारण तीही आपल्या काळाचीच बाई होती. परंतु पुढे १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून गुरुजींनी १ मेपासून १० मेपर्यंत उपोषण केले व दार उघडविले, तेव्हा ती मोळी त्यांच्या स्मरणात नसेल असे कोण म्हणेल?

इकडे घरची परिस्थिती अधिकच खालावली. कर्जापायी राहते घर जप्त होण्याची वेळ आली. थोरल्या भावाने नोकरी धरली होतीच. पांडुरंगासही वाटू लागले, की आपण शाळा सोडावी आणि चार पैसे मिळवावे. शाळा सुटण्याचा हा प्रसंग गरिबाच्या प्रत्येक हुशार मुलावर येतो, आणि दहांतील नऊ तेथेच थांबतात. एका मित्राने त्यास सांगितले, की सातारा प्रांतातील औंध संस्थानात गरीब मुलांच्या शिक्षणाची व जेवणाची फुकट सोय होते. औंधास त्या वेळी श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी राज्य करीत होते. सूर्यनमस्काराचा व चित्रकलेचा त्यांचा व्यासंग प्रसिद्ध आहे. आईबापांनी होकार दिला आणि मुलगा समुद्रकाठचा मुलूख सोडून घाटावर गेला.

औंधास सर्व सुखाचे झाले असे नाही. तेथील दिवस फार हालाचे गेले. ओळखीचे माणूस नाही, अन्न मिळेल तेवढे आणि मिळेल तेव्हा. गुरुजींच्या पुस्तकांतील अश्रूंबद्दल लोक फार बोलतात, कोणी चेष्टाही करतात. त्या अश्रूंच्या मागे किती उपाशी रात्री आहेत हे ध्यानात घेत नाहीत. तरीही मुलगा तेथे टिकला असता. परंतु औंधात प्लेग आला.

प्लेगची धास्ती आजच्या मुलांस कल्पनेनेही समजावयाची नाही. १८९६ साली तो मुंबईस उतरला आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे गावोगाव फिरत राहिला. आधी घरातले उंदीर पडू लागत. मग उंदरांवरच्या पिसवा माणसांस चावत. ताप भरे, जांघेत वा काखेत गाठ येई, आणि दोन-चार दिवसांत मनुष्य हाती लागत नसे. उंदीर पडल्याची बातमी आली, की लोक घराला कुलूप लावून रानात झोपड्या घालून राहत. डॉ. हाफकिन यांची लस १८९७ पासून निघाली होती, पण टोचून घेण्यास लोक भीत. अशा वेळी शाळा बंद होणे क्रमप्राप्तच होते. औंधची मुले घरोघर पाठविण्यात आली आणि पांडुरंग अवेळी, वर्ष अर्धवट सोडून, पालगडला परत आला.

ही सुटी कोणी मागितलेली नव्हती. घरात खाणारे एक तोंड वाढले, आणि मुलगा तर रिकामा बसलेला. एके रात्री आईवडील आपसांत बोलत होते ते त्याच्या कानी पडले. मुलास खरोखर शिकावयाचे आहे की प्लेगचे निमित्त करून तो घरी आला आहे, अशी शंका वडिलांनी काढली होती. वडिलांस दोष देणे सोपे आहे. ज्याच्या दारात सावकाराचा मनुष्य उभा आहे त्याच्या तोंडून अशी भाषा निघते, आणि आपल्या पाड्यांतही ती निघते. परंतु मुलाच्या ती जिव्हारी लागली. त्याने दिवस पाहिले नाहीत की सोय पाहिली नाही; तो निघाला तो थेट पुण्यास गेला आणि नूतन मराठी विद्यालयात त्याने नाव घातले.

पुण्यातही पोटभर जेवण नव्हते. किती तरी दिवस अपुऱ्या अन्नावर काढावे लागले. अभ्यासात मात्र तो मागे पडला नाही. इकडे पालगडला यशोदाबाईंचे दुखणे हटेना. त्या अंथरुणास खिळल्या. त्या काळी कोकणात रेल्वे नव्हती, ती १९९८ साली पुरी झाली; पुण्याहून पालगडला जावयाचे तर मुंबई गाठून आगबोटीने हर्णै बंदरात उतरावे, नाही तर घाट उतरून गाडीरस्त्याने जावे. त्यास दिवस लागत आणि पैसे लागत, आणि मुलापाशी दोन्ही नव्हते. आईने आपले दुखणे मुलास पुरते कळू दिले नाही. त्याचा अभ्यास बुडेल अशी तिला भीती. २ नोव्हेंबर १९१७ रोजी यशोदाबाई वारल्या. मुलगा पोहोचला तेव्हा चितेची राख झाली होती. त्यास अठरावे वर्ष पुरे होण्यास अजून दीड महिना अवकाश होता.

ही तारीख वाचताना आपल्यापैकी कित्येकांस एक योग जाणवेल. २ नोव्हेंबर हा आपला मृत भाविकांच्या स्मरणाचा दिवस आहे. त्या दिवशी आपण आपल्या आयांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतो.

१९१८ साली पांडुरंग मॅट्रिकची परीक्षा उतरला. त्याच वर्षी इन्फ्ल्युएंझाच्या साथीने घरेच्या घरे ओस पाडली. पुढे न्यू पूना कॉलेजात, ज्यास नंतर सर परशुरामभाऊ कॉलेज हे नाव मिळाले, त्याने बी. ए. व एम. ए. या पदव्या घेतल्या, आणि १९२४ साली खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात तो शिक्षक झाला. येथपासून पांडुरंगाचे गुरुजी झाले. छात्रालयातील मुले त्यांच्याकडे सोपविलेली होती. घर सोडून आलेल्या मुलाची पहिली रात्र कशी जाते, ताप आल्यावर त्यास कोण आठवते, हे त्यांस कोणी शिकवावे लागले नाही. कोणी मुलगा आजारी पडला तर ते त्याच्या उशाशी बसून राहत. मुलांसाठी ते छात्रालय नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या अक्षरात काढीत.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात पडले. धुळे, त्रिचनापल्ली अशा तुरुंगांतून फिरत ते आपल्या नाशिकच्या तुरुंगात आले. दिवसा कैद्याचे काम करावयाचे आणि रात्री लिहावयाचे, असा क्रम त्यांनी ठेविला. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, गुरुवारी, त्यांनी आपल्या आईच्या आठवणी लिहावयास घेतल्या. वडाच्या फेऱ्या, धाकट्याचा अंगरखा, म्हातारीची मोळी, हिवताप, सारे त्या कागदांवर उतरले. त्या पुस्तकाचे नाव श्यामची आई. आईस जाऊन पंधरा वर्षे लोटली होती. बहुतेक सारा मजकूर सोमवारी, १३ फेब्रुवारीच्या पहाटे, नाशिकच्या त्या कोठडीत लिहून पुरा झाला.