नारायण शेषाद्री : मुंबई ते जालना

बाळशास्त्री जांभेकरांचे चरित्रकार १८४३ च्या श्रीपत शेषाद्री प्रकरणापाशी हमखास थांबतात. मिशनमध्ये गेलेल्या या मुलाला न्यायालयाने पित्याच्या स्वाधीन केले. त्याच्या प्रायश्चित्ताचा बाळशास्त्रींनी पुरस्कार केला. त्याच वर्षी बाप्तिस्मा घेऊन कायमचे दुरावलेले थोरले बंधू नारायण यांना मात्र आपल्या वाङ्मयेतिहासात जवळजवळ स्थान नाही, हे न्याय्य वाटत नाही. मुंबईच्या मिशनशाळेत इंग्रजीतून शिकून तेथेच अध्यापन केलेले नारायणराव पुढे जालन्यास गेले. सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसविले. तेथील ख्रिस्ती मंडळी बहुतांशी मांग समाजातील होती. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत इंग्रजीतून भाषण करणारे हे पूर्वाश्रमीचे ब्राह्मण परतले ते याच वस्तीत. १८९१ मध्ये ते निवर्तले.