राजर्षी शाहू महाराज : वतनाची जमीन नावावर करून देणारा राजा

शिक्षक आणि पालक मित्रहो, दरवर्षी २६ जूनला आपल्या शाळेत शाहू जयंती होते. मुलं वसतिगृहं, आरक्षण, राधानगरी धरण यावर छान भाषणं करतात. पण महार वतनाच्या जमिनीचा विषय त्यात क्वचितच येतो. म्हणून हा पाठ.

बालपण आणि राज्यकारभार

महाराजांचा जन्म १८७४ साली कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक आले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला. १९०२ मध्ये त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं.

वतन म्हणजे काय?

मुलांना इथे थोडं थांबून सांगावं लागतं. वतन म्हटलं की मान वाटतो, जमीन आहे असं वाटतं. महार वतनात मात्र जमीन होती ती चाकरीच्या बदल्यात. सरकारी निरोप पोचवायचे, सारा तालुक्याला न्यायचा, मेलेली जनावरं ओढायची, अंमलदार येईल तेव्हा हजर राहायचं. रात्र असो की दिवस, नाही म्हणायची सोय नाही. एक माणूस आजारी पडला की घरातला दुसरा जायचा. जमीन सगळ्या भावकीत मिळून, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला पट्टीएवढा तुकडा. चाकरी सोडली तर जमीन गेली! म्हणजे जमीन असून माणूस बांधलेलाच.

१९१८ चा निर्णय

महाराजांनी ही गाठ ओळखली. १९१८ मध्ये त्यांनी महार वतनं बंद केली, जमिनी रयतावा करून कसणाऱ्यांच्या नावावर केल्या. चाकरी सुटली, जमीन राहिली. त्याच वर्षी कुलकर्णी वतनंही रद्द झाली आणि पगारी तलाठी आले. गावाचं दप्तर एका घराण्याच्या हातून निघालं. काही दलित तरुणही तलाठी झाले. ज्यांची नोंद दुसरे करत होते, तेच आता नोंद करू लागले. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरीही महाराजांनी १९१८ मध्येच बंद केली.

सातासमुद्रापलीकडे

त्याच सुमाराला अमेरिकेत ओसेज नावाचे आदिवासी लोक होते. १९०६ च्या कायद्याने त्यांची जमीन २,२२९ जणांत वाटली गेली, पण जमिनीखालच्या खनिजांवर हक्क सगळ्या जमातीचा राहिला. तेल निघालं आणि ते लोक फार श्रीमंत झाले. मात्र सरकारने अनेकांना स्वतःचा पैसा सांभाळायला नालायक ठरवून त्यांच्यावर गोरे पालक नेमले. तेलातल्या वाट्यासाठी त्यांचे खूनही पडले. कागदावर मालकी आणि कारभार दुसऱ्याच्या हाती, याचा हा परिणाम. आपल्याकडे चाकरीचा दोर होता, तिकडे पालकाचा.

माणगाव आणि पुढे

आपल्या कबनूरप्रमाणेच माणगावही हातकणंगले तालुक्यातलंच. तिथे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी परिषद झाली. अध्यक्ष होते तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महाराज स्वतः तिथे आले. ६ मे १९२२ रोजी महाराजांचं मुंबईत निधन झालं. वय अवघं ४७ वर्षं.

पुढे १९२८ मध्ये बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात बदल करण्यासाठी मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. बाकीच्या महाराष्ट्रात ही वतनं कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्याने. कोल्हापुरात ४० वर्षं आधी झालेलं काम!

मुलांसाठी उपक्रम

घरी सातबारा असेल तर तो मुलांना वाचायला द्या. कोणाचं नाव आहे, आजीचं, आईचं आहे का, ते बघायला सांगा. ज्यांच्या घरी सातबारा नाही, त्यांना तो का नाही हे घरच्या मोठ्यांना विचारू द्या. शाहू महाराजांचा धडा तिथूनच सुरू होतो.