‘प्लेग इंक’मधली निळी पट्टी आणि परळचे हाफकिन

‘प्लेग इंक’ हा गेम तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर असेल, नाहीतर कधीतरी होता. २०१२ साली आलेला हा गेम जरा उलटा आहे. यात आपण जगाला वाचवणारा हीरो नसतो, आपण असतो जंतू. एखादा देश निवडायचा, तिथून साथ पसरवायची, बुडबुडे फोडून डीएनए पॉइंट जमवायचे आणि जग संपवायचं. आपल्याला अडवणारी एकच गोष्ट म्हणजे खालची निळी पट्टी. शास्त्रज्ञांचं संशोधन जसं पुढे जातं तशी ती भरत जाते. १०० टक्के झाली की औषध तयार आणि आपला डाव जवळपास खलास.

मी नेहमी भारतापासूनच सुरुवात करतो. गर्दी जास्त, साथ पटकन पसरते. पण मी हे दादरमध्ये बसून खेळतो, आणि दादरचा अर्धा नकाशा एका खऱ्या प्लेगमुळे तयार झालाय, हे मला फार उशिरा कळलं. त्या प्लेगची ‘निळी पट्टी’ एका माणसाने भरली होती. त्याचं नाव आपण सगळ्यांनी परळच्या पाटीवर वाचलेलं असतं: हाफकिन.

गेम आणि कॉमिक्समध्ये काय असतं?

जग बुडाल्यानंतरच्या गोष्टी मला आवडतात. ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये एका बुरशीने माणसं संपतात आणि एली नावाच्या मुलीला तिची बाधा होत नाही, म्हणून तिच्यापासून लस बनेल अशी आशा असते. ‘द वॉकिंग डेड’ हे कॉमिक २००३ पासून २०१९ पर्यंत चाललं, पण त्यात औषध हा विषयच नाही, फक्त जगत राहायचं. ‘प्लेग इंक’मध्ये लस म्हणजे एक पट्टी. म्हणजे लस एक तर मिळतच नाही, नाहीतर एखाद्या चमत्कारासारखी मिळते. ती बनवायची कशी, आणि घाबरलेल्या माणसाने ती टोचून का घ्यायची, हे बहुतेक गोष्टींत सुटून जातं. हाफकिनचं आयुष्य म्हणजे नेमकी तीच सुटलेली गोष्ट.

कोण होता हा माणूस?

वाल्डेमार हाफकिनचा जन्म १८६० सालचा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातला. कुटुंब ज्यू. ओडेसाच्या विद्यापीठात तो मेचनिकोव्ह या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकला. हुशारी होती, पण प्राध्यापक व्हायचं तर धर्म बदला, अशी अट आली. त्याने नकार दिला आणि देश सोडला. १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जागा मिळाली तीसुद्धा ग्रंथपालाची! दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग. त्यातून त्याने कॉलराची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी तो भारतात आला आणि कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये फिरून लोकांना लस देऊ लागला.

मुंबईत तेव्हा काय चाललं होतं?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्यानंतर जे झालं ते कुठल्याही गेमपेक्षा भयानक होतं. आठ लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरातून काही महिन्यांत जवळपास निम्मी माणसं पळून गेली. गिरण्यांना कामगार मिळेनात. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून येतो हे तेव्हा कुणाला नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून सरकार घरं धुवायचं, सामान जाळायचं, रुग्णांना जबरदस्तीने उचलून न्यायचं. लोकांना रोगाइतकीच सरकारची भीती बसली.

या गोंधळात ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत आला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला एक खोली आणि व्हरांडा मिळाला. सोबत एक कारकून आणि तीन शिपाई. बस्स, एवढीच टीम!

लस बनली कशी?

आता थोडं टेक्निकल. लस बनवायची तर आधी भरपूर जंतू वाढवावे लागतात, आणि जंतूंना खाणं लागतं. ते असायचं मांसाच्या रसाचं. पण गाय किंवा डुक्कर वापरलं असतं तर लोकांनी लसीकडे बघितलंही नसतं, म्हणून हाफकिनने बकऱ्याचं मांस घेतलं. त्या रसावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून, छतावरून जाळी लोंबावी तसे खाली वाढत जायचे. बाटली हलवली की ते गळून पडायचे आणि नवीन थर वाढायला लागायचा. शेवटी ही बाटली तासभर तापवून जंतू मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. मेलेले जंतू शरीरात गेले की शरीर त्यांना ओळखायला शिकतं आणि खरा हल्ला झाला की तयार असतं.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला हाफकिनने ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड ठणकला, पण तो बरा झाला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या तयार असलेल्या कैद्यांना लस दिली गेली. लस घेतलेल्यांमध्ये लागण बरीच कमी झाली. जबरदस्ती नको, पटलं तरच टोचून घ्या, हा त्याचा आग्रह कायम राहिला. आगा खान तिसरे यांनी लस घेतली, आपल्या खोजा समाजालाही घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी जागा दिली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट.

आणि मग एक चिमटा पडला

गेममध्ये पट्टी १०० झाली की गोष्ट संपते. इथे खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबच्या मुलकोवाल गावात १०७ लोकांना लस दिली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. १९ घरं उद्ध्वस्त झाली. चौकशीत ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला पदावरून दूर केलं गेलं. प्रत्यक्षात गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढलं होतं. मलेरियावरच्या कामासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ त्याच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये त्याच्यावरचा डाग पुसला गेला. पण तोवर पाच वर्षं गेली होती. परळची प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही. कलकत्त्यात काही वर्षं काम करून तो निवृत्त झाला आणि युरोपला गेला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला तो वारला.

मग प्लेग संपला का?

नाही, लगेच नाही. भारतात प्लेग पुढे कित्येक वर्षं रेंगाळला आणि एक कोटीहून जास्त माणसं गेली. लसीने जीव वाचवले, पण तिच्या जोडीला शहरही बदलावं लागलं. प्लेगमुळेच १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. हवा-उजेड नसलेल्या कोंदट वस्त्यांवर उपाय म्हणून त्याने दादर-माटुंग्याची योजना आखली. दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनी, पारसी कॉलनीतले रुंद रस्ते, झाडं आणि इमारतींमधलं अंतर तिथून आलंय. पडक्या इमारती आणि वेली चढलेल्या गाड्या म्हणजे प्रलयानंतरचं जग, असं मला वाटायचं. आपल्याकडे ते फाइव्ह गार्डन्ससारखं दिसतं!

२०२० मध्ये ‘प्लेग इंक’ने ‘द क्युअर’ नावाचा भाग आणला. त्यात आपण जंतूच्या नाही, माणसांच्या बाजूने खेळतो, आणि लोकांचा विश्वास पार संपला की लस यायच्या आधीच डाव हरतो. मी पाहिलेल्या गेम्समध्ये हाफकिनच्या सगळ्यात जवळ जाणारा हाच. खेळून बघा. फक्त खेळताना लक्षात ठेवा: पट्टी भरणं हे अर्धंच काम. समोरच्याने दंड पुढे करणं आणि टोचणाऱ्याचा चिमटा स्वच्छ असणं, हे उरलेलं अर्धं.