दोन सवतींनी टाळलेली लढाई

राजाराणीच्या गोष्टी म्हटल्या की लढाया आल्याच. पण स्पेन देशातल्या बेरेंगेला राणीची हकीकत मी वाचली आणि तिने टाळलेली लढाईच मला मोठी वाटली. तीच थोडक्यात सांगते.

बेरेंगेला ही कॅस्टिलच्या राजाची थोरली मुलगी. ११९७ साली शेजारच्या लेओनचा राजा नववा अल्फोन्सो याच्याशी तिचे लग्न झाले. नवरा तिच्या वडिलांचा चुलतभाऊ. पोपला हे नाते मान्य नव्हते, म्हणून १२०४ साली भरला संसार मोडून ती माहेरी परतली.

१२१७ साली तिचा तेरा वर्षांचा भाऊ, राजा एन्रिके, डोक्यावर कौल पडून गेला. गादी हिच्याकडे आली. नवरा कॅस्टिलवर हक्क सांगेल हे ओळखून तिने मृत्यूची बातमी दाबून ठेवली, बापाजवळ असलेल्या मुलाला, फर्नांदोला, बोलावून घेतले आणि आपला मुकुट त्याला दिला. बाप फौज घेऊन चालून आला, पण त्याचे काही चालले नाही.

१२३० साली अल्फोन्सो वारला. लेओनचे राज्य त्याने पहिल्या बायकोच्या मुलींना, सांचा आणि दुल्से यांना, ठेवले होते. फर्नांदोही हक्क सांगू लागला. ही पहिली बायको तेरेसा पोर्तुगालची, राजाची मामेबहीण. आपल्याकडे मामाची मुलगी करणे रीतीचे, पण तिचेही लग्न पोपने मोडले होते. म्हणजे दोघींचे दुःख एकच.

लढाई व्हायची, ती या दोन सवतींनी समोरासमोर बसून मिटवली. मुलींनी हक्क सोडला. त्याबदली फर्नांदोने दोघींना मिळून दरसाल ३०,००० नाणी हयातभर द्यावी असे ठरले. डिसेंबरात बेनाव्हेंते येथे करार झाला आणि दोन्ही राज्यांना एकच राजा मिळाला. फर्नांदोने पुढे १२३६ साली कोर्दोबा व १२४८ साली सेव्हिल घेतले. आई मात्र १२४६ सालीच निवर्तली.

मुलींचे राज्य गेले, हे मला खुपतेच. पण आपल्याकडे हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणीच्या हाती पुष्कळदा साडीचोळीच येते. तेरेसाने मुलींच्या जन्माची सोय लेखी करून घेतली. सही करण्यापूर्वी एवढे तरी आपणही विचारावे, असे मला वाटते.