परतणाऱ्यासाठी उघडे दार

मनाच्या दुखण्यावर उपचार करणारा डॉक्टर आणि त्याच्याकडे आलेला रुग्ण यांचे नाते औषधाच्या चिठ्ठीपुरते नसते. ते विश्वासावर उभे असते. म्हणूनच एखाद्या कठोर शब्दाने, चुकलेल्या एखाद्या फेरीने किंवा रुग्णाच्या स्वतःच्याच लाजेने ते तुटू शकते. महाड व पोलादपूर या तालुक्यांना हा प्रश्न परका नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील पूल वाहून गेला, २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात पाच मजली इमारत कोसळली आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये, केवनाळे व सुतारवाडी येथे दरडींनी घरेदारे गाडली. एकट्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे दगावली. अशा आघातानंतर मदतपथके येतात आणि जातात; झोप उडालेला, दारूचा आधार घेऊ लागलेला माणूस मागे राहतो. त्याने उपचार सुरू करून मध्येच सोडले असतील, तर पुन्हा त्याच डॉक्टरसमोर जाणे त्याला वरंधा घाट चढण्याहून कठीण वाटते. या संकोचाचे मर्म ज्यांनी ओळखले, त्या डॉ. अनिता अवचट यांचे चरित्र म्हणूनच येथे स्मरणीय ठरते.

आप्तस्नेह्यांमध्ये त्या सुनंदा या नावाने ओळखल्या जात. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर त्यांनी मनोविकारशास्त्राकडे लक्ष वळवले आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी केली. पती अनिल अवचट हेही डॉक्टरच. परंतु त्यांनी व्यवसाय सोडून लेखन व समाजकार्य पत्करले, तेव्हा घरखर्चाचा भार अनिताबाईंनी उचलला. साधी राहणी आणि ठरवून आखलेल्या गरजा यांमुळे त्या घराला पैशाची ओढ फारशी लागली नाही.

ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर, अर्थात गर्द, शहरांतील तरुणांना ग्रासू लागली. अनिल अवचटांनी या विषयावर केलेल्या लेखनाने पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले व त्यांनी व्यसनमुक्तीच्या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. केंद्राच्या उभारणीची धुरा अनिताबाईंकडे आली.

व्यसनी माणूस खोटे बोलतो, घरातल्या वस्तू विकतो, शपथा घेतो आणि मोडतो. त्यामुळे आईबाप, पत्नी, शेजारी यांची दारे एकामागून एक बंद होत जातात. उपचारकेंद्रही असेच आणखी एक बंद दार ठरले, तर त्याला जाण्यास जागा उरत नाही. मुक्तांगणाने धाकाऐवजी आपुलकीचा मार्ग पत्करला. पाच आठवड्यांचा निवासी उपचार, गटचर्चा, योगासने, श्रमाची कामे आणि घरी गेल्यावरही चालू राहणारा पाठपुरावा अशी पद्धत तेथे रुजली. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट उभा राहिला. बरे झालेले काही रुग्ण त्याच केंद्रात कार्यकर्ते झाले. नव्याने आलेल्याला धीर द्यायला त्यांच्याहून योग्य माणसे मिळणे अवघड होते.

या कामाची खरी कसोटी बरे होऊन गेलेला रुग्ण पुन्हा घसरतो, तेव्हा लागते. व्यसनमुक्तीच्या व्यवहारात हे घसरणे नवलाचे नाही. घसरलेला माणूस डॉक्टरचा अपराधी नव्हे. तो अजूनही रुग्णच आहे, आणि त्याचे परत येणे हाच उपचाराचा पुढचा टप्पा आहे, ही या केंद्राच्या कामामागची भूमिका होती. अशा रुग्णाला तेथे पुन्हा दाखल करून घेतले जाई.

मानसशास्त्रानेही हाच निष्कर्ष काढला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली उपचारातील नात्याचे तीन आधार मांडले: उद्दिष्टाविषयी एकमत, कामाविषयी एकमत आणि परस्परांचा स्नेह. पुढे जेरेमी सॅफ्रन प्रभृतींनी दाखवून दिले की, या नात्यात पडलेली फूट लपवण्याऐवजी उघड बोलून सांधली, तर त्या सांधण्यातूनही रुग्णाचे हित साधते. रुसवा कसा दूर करावा, हे तो कदाचित प्रथमच अनुभवतो.

अनिताबाईंना कर्करोगाने गाठले. आजार अंगावर वागवीत त्यांनी काम चालू ठेवले. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. संस्था मात्र थांबली नाही. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ती पुढे नेली आणि २००९ मध्ये ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा विभागही सुरू झाला. एका व्यक्तीने जोडलेला विश्वास संस्थेच्या रीतीत मुरला, तरच तो त्या व्यक्तीच्या मागे टिकतो, हा या आयुष्याचा धडा होय.

महाड-पोलादपूरच्या दृष्टीने हा धडा अत्यंत व्यावहारिक आहे. जिल्हा रुग्णालय अलिबागला. पुण्याचा जवळचा रस्ता वरंधा घाटाचा, तो पावसाळ्यात वारंवार बंद पडतो. तेव्हा फेरी चुकणे म्हणजे इच्छा नसणे, असा अर्थ लावणे अन्यायाचे आहे. १४४१६ या क्रमांकावरील ‘टेली-मानस’ सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. तिने तातडीचा आधार मिळतो, पण ओळखीच्या माणसाची जागा ती भरून काढू शकत नाही. शासनाने तालुक्याला समुपदेशक द्यावा आणि तो शक्यतो तोच राहील, असे पाहावे. डॉक्टरांनी फेरी चुकलेल्याची प्रथम विचारपूस करावी, मग कारण विचारावे. आणि रुग्णाने, का आलो नाही, काय खुपले, एवढे सरळ सांगून पुन्हा समोर बसावे. परतणे हा कमीपणा नाही. न परतण्याची किंमत मात्र सारे घर मोजत असते.