हातात दिवा घेतलेली फ्लोरेन्स नाइटिंगेल सगळ्यांना माहितीये, पण हॉस्पिटलच्या खिडक्यांसाठी पंतप्रधानांना गाठणारी फ्लोरेन्स माहितीये का?

फ्लोरेन्स नाइटिंगेल म्हटलं की शाळेच्या पुस्तकातलं चित्र डोळ्यांसमोर येतं. रात्रीची वेळ, जखमी सैनिकांच्या रांगा आणि हातात दिवा घेऊन फिरणारी बाई. तिचा जन्मदिवस, १२ मे, आजही जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो.

पण त्या चित्रात एक गोष्ट दिसत नाही. ती बाई ज्या इमारतीत फिरत होती, ती इमारतच माणसं मारत होती. आणि हे तिला नीट कळलं तोवर हजारो सैनिक गेले होते.

तर झालं असं की, १८२० साली इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात एका गडगंज इंग्रज घराण्यात तिचा जन्म झाला. नावही शहरावरूनच पडलं. त्या काळी इंग्लंडमध्ये रुग्णांची शुश्रूषा हे घरंदाज मुलींचं काम समजत नसत, त्यामुळे घरच्यांचा विरोध वर्षानुवर्षं चालला. अखेर १८५३ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी, लंडनमधल्या आजारी स्त्रियांच्या एका छोट्या संस्थेचा कारभार तिच्या हाती आला.

तिथे तिने पहिल्यांदा काय मागितलं? तर प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ, जेवण वर ओढून घ्यायला एक छोटी लिफ्ट आणि कोणत्या रुग्णाने घंटा वाजवली हे लगेच दिसेल अशी सोय. हिशेब सरळ होता. नर्सचा दिवस जिने चढण्या-उतरण्यात गेला, तर तेवढा वेळ रुग्णाजवळ कोणीच नसतं.

पुढच्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धाने तिला इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला नेलं. ४ नोव्हेंबर १८५४ ला ती ३८ नर्सेस घेऊन तिथे पोहोचली. हॉस्पिटल म्हणून ब्रिटिशांना मिळाली होती तुर्की सैन्याची एक अवाढव्य बराक. धडधाकट शिपायांना राहायला बांधलेली जागा, तिथे आता लांबच लांब कॉरिडॉरमध्ये आजारी माणसं दाटीवाटीने पडली होती. इमारतीखाली गटारं तुंबलेली, संडासांची घाण थेट आत येणारी, हवा खेळायला जागा नाही.

फ्लोरेन्सने स्वच्छ कपडे आणले, स्वयंपाकघर सुधारलं, धुणं मार्गी लावलं. तरीही मृत्यू वाढतच गेले. माणसं जखमांनी कमी आणि कॉलरा, हगवण, टायफसने जास्त मरत होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचं प्रमाण शंभरात ४२ च्या घरात गेलं.

मार्चमध्ये लंडनहून एक स्वच्छता आयोग आला. त्यात एक डॉक्टर होते जॉन सदरलँड आणि एक इंजिनिअर होते रॉबर्ट रॉलिन्सन. त्यांनी गटारं उपसली, पाण्याच्या वाटेत सडत पडलेली जनावरं काढली, भिंतींना चुना मारला, हवेसाठी वाटा केल्या. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण शंभरात दोनवर आलं.

गंमत म्हणजे, फ्लोरेन्सला तेव्हा या आकड्यांचा अर्थ पुरता लागला नव्हता. सैनिक उपाशी आणि फार उशिरा हॉस्पिटलात येतात म्हणून मरतात, असंच ती धरून चालली होती. १८५६ साली परतली तेव्हा ती अख्ख्या देशाची लाडकी झाली होती. मग संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत बसून तिने मृतांची आकडेवारी मांडायला घेतली आणि चित्र उघडं पडलं. स्कुटारीत माणसं मारण्यात इमारतीचा वाटा मोठा होता. याचा तिच्या मनावर किती घाव बसला, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. पण इथून पुढे हॉस्पिटलचा नकाशा तिच्यासाठी जीवन-मरणाचा प्रश्न झाला, हे मात्र खरं.

आणि लगेच पहिली लढाई समोर आली.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नेटली इथे सैन्यासाठी भव्य हॉस्पिटल उभं राहत होतं. खुद्द राणी व्हिक्टोरियाने १८५६ मध्ये त्याची पायाभरणी केली होती. इमारत जवळजवळ पाव मैल लांब, समुद्रावरून बघणाऱ्याचे डोळे दिपावेत अशी. फ्लोरेन्सने नकाशा पाहिला आणि ती हादरली. समुद्राकडच्या, उन्हाच्या बाजूला होते कॉरिडॉर. रुग्णांचे वॉर्ड मागच्या, ईशान्येच्या बाजूला. म्हणजे ऊन आणि समुद्र कॉरिडॉरमधून चालणाऱ्यांना, आणि अंथरुणात पडलेल्यांना सावली! शिवाय वॉर्ड छोटे छोटे, त्यामुळे थोड्या नर्सेसना सगळ्यांवर लक्ष ठेवणं अशक्य.

तिने थेट पंतप्रधान पामर्स्टन यांना गाठलं. त्यांना पटलंही आणि त्यांनी युद्धमंत्र्यांना काम थांबवायला लिहिलं. पण तोपर्यंत सुमारे ७० हजार पौंड खर्च झाले होते. आता मागे कसं फिरायचं, म्हणून किरकोळ बदल करून इमारत तशीच पूर्ण झाली आणि १८६३ मध्ये सुरूही झाली. सरकारी कामाची ही रीत आपल्यालाही काही नवी नाही.

ही लढाई ती हरली, पण १८५९ मध्ये तिचं हॉस्पिटलच्या रचनेवरचं पुस्तक आलं. त्यात तिने पसंती दिलेली रचना पॅरिसच्या लारिबोझिएर हॉस्पिटलात आधीच उभी होती. एकच मोठी इमारत न बांधता वेगवेगळे वॉर्ड सुटे ठेवायचे, मध्ये मोकळी जागा. एका वॉर्डात साधारण ३० खाटा, दोन्ही बाजूंना रांगेत. समोरासमोर उंच खिडक्या, निदान दोन खाटांमागे एक. छत उंच. नर्सच्या खोलीतून सगळा वॉर्ड एका नजरेत दिसायला हवा. संडास आणि मोऱ्या वॉर्डच्या टोकाला. आपल्याकडच्या जुन्या सरकारी हॉस्पिटलचा जनरल वॉर्ड आठवला ना? ती रचना याच कुळातली.

खिडकीबद्दल ती विशेष हट्टी होती. पडल्यापडल्या रुग्णाला बाहेरचं दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. यामागे स्वतःचा अनुभवही होता. क्रिमियात जडलेल्या दुखण्याने १८५७ पासून ती वर्षानुवर्षं बहुतांश काळ खोलीतच, बऱ्याचदा अंथरुणात होती. रुग्णाला दिवसभर काय दिसतं, कोणता आवाज टोचतो, हे तिला कोणाला विचारावं लागलं नाही.

त्याच अंथरुणातून भारताचंही काम चाललं. ती इथे कधीच आली नाही, पण इथल्या छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून बराकींची हवा, पाणी, गटारं यांची माहिती तिने गोळा केली. पुढे गावांच्या स्वच्छतेबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार झाला.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तिची थिअरी चुकीची होती. रोग दूषित हवेतून होतात अशी तिची समजूत होती आणि रोग एकाकडून दुसऱ्याला लागतो हे मानायला ती बराच काळ तयार नव्हती. पण तिने सुचवलेल्या मोकळ्या हवेने, अंतराने आणि चांगल्या गटारांनी जंतूंनाच आळा बसत होता. कारण चुकलं, उपाय लागू पडला.

खिडकीच्या हट्टाला तर १९८४ मध्ये आधार मिळाला. रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमधल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत बघत पडलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले होते आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली होती.

तिच्या हयातीतच, १८६५ मध्ये, लंडनच्या वुलिच भागात सैन्याचं हर्बर्ट हॉस्पिटल तिच्या मनासारखं उभं राहिलं. नकाशा होता तिच्या मावसबहिणीचे पती डग्लस गॅल्टन यांचा. १८७१ मध्ये थेम्सकाठी नवं सेंट थॉमस हॉस्पिटल सुरू झालं. तिथे वॉर्ड तिला हवे तसे मिळाले, जागा मात्र नाही. तिला हॉस्पिटल शहराबाहेर, मोकळ्या हवेत हवं होतं.

१३ ऑगस्ट १९१० ला, वयाच्या ९० व्या वर्षी, लंडनच्या घरी तिचं निधन झालं. नेटलीची ती भव्य इमारत १९६६ मध्ये पाडली, आता तिथे फक्त चॅपल उरलंय. वुलिचचं हॉस्पिटलही बंद झालं, पण इमारत टिकली. तिथे आता फ्लॅट आहेत आणि त्या वॉर्डांच्या जागी लोक राहतात.